जुन्या विमानातली वायर: खराब झालेलं इन्सुलेशन कसं शोधायचं

एएमईचा (विमान देखभाल इंजिनिअरचा) अभ्यासक्रम संपवून हँगरमध्ये नव्याने रुजू झालेल्यांच्या हातात पहिल्या मोठ्या चेकला एक टास्क कार्ड हमखास पडतं: अमुक झोनमधल्या वायरिंगची तपासणी करा. पॅनेलं निघालेली असतात, समोर मनगटाएवढी जाड बंडलं गेलेली असतात आणि नेमकं काय बघायचं ते कार्डावर दोन ओळींत आटोपलेलं असतं. बोइंग ७४७-४०० मध्ये सुमारे २७४ किलोमीटर वायर असते. ती इंच न् इंच कोणीच बघू शकत नाही. त्यामुळे कुठे बघायचं, कशाच्या आधी काय करायचं आणि मीटरवर किती भरवसा ठेवायचा, हे आधी ठरलेलं हवं. हँगर सांताक्रूझचा असो, नागपूरच्या मिहानमधला असो की आखातातला, पद्धत हीच. मात्र मर्यादेचे आकडे नेहमी त्या-त्या विमानाच्या मॅन्युअलमधून घ्यायचे, आणि सही लायसन्स असलेल्या इंजिनिअरची.

आधी हे काम कशासाठी, ते

बरीच वर्षं विमानातली वायर म्हणजे एकदा बसवली की विसरायची गोष्ट होती. पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्युटर यांचं आयुष्य मोजलं जायचं, वायरचं नाही. दोन अपघातांनी ही समजूत मोडली.

१७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर काही मिनिटांतच हवेत फुटलं. २३० जण गेले. विमान १९७१ साली बांधलेलं होतं. मधल्या टाकीतल्या इंधनाच्या वाफेने पेट घेतला, हे अमेरिकेच्या तपास मंडळाने निश्चित सांगितलं. ठिणगी कुठून आली ते खात्रीने सिद्ध झालं नाही. पण सगळ्यात संभाव्य कारण म्हणून मंडळाने टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटकडे बोट दाखवलं: त्यातून जादा व्होल्टेज इंधन मोजणाऱ्या वायरींत शिरलं आणि त्यांच्यामार्फत टाकीत पोचलं. इंधन मोजणाऱ्या वायरीत स्वतःची ऊर्जा अगदी नगण्य असते. तिच्या शेजारून, त्याच बंडलमधून कोण चाललंय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

दुसरा अपघात २ सप्टेंबर १९९८ चा. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअर १११ कॅनडात हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलं, २२९ जण गेले. कॉकपिटच्या छताच्या वर, मागच्या बाजूला वायरमध्ये आर्क झाला, म्हणजे वीज ठिणगीच्या रूपात हवेतून उडी मारून गेली, आणि तिथल्या इन्सुलेशन ब्लँकेटच्या धातूचा मुलामा दिलेल्या फिल्मने पेट घेतला. हे एमडी-११ विमान जेमतेम सात वर्षांचं होतं. वायरचं वय कॅलेंडरवर मोजता येत नाही, हे इथे दिसतं. उष्णता, ओल, थरथर आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे हात, यांनी वायर म्हातारी होते.

२००७ साली अमेरिकेच्या एफएएने (हवाई वाहतूक नियामकाने) नियम बदलले आणि वायर, क्लॅम्प, कनेक्टर, स्प्लाइस (वायरींचा जोड), टाय (बंडल बांधायची पट्टी) या सगळ्यांची मिळून एक स्वतंत्र प्रणाली मानली. तिला ईडब्ल्यूआयएस (इलेक्ट्रिकल वायरिंग इंटरकनेक्शन सिस्टिम) म्हणतात. तुमच्या टास्क कार्डावर ही अक्षरं दिसली की समजायचं, नुसती वायर नाही, तिला धरणारं सगळंच तपासायचं आहे.

आणि सगळ्यात आधी मनावर ठसवून घ्यायची गोष्ट ही: खराब इन्सुलेशन गप्प असतं. तांबं उघडं पडलेलं असलं तरी सर्किट चालतं, दिवा लागतो, पायलटच्या स्नॅगमध्ये (बिघाडाच्या नोंदीत) काही येत नाही. त्या उघड्या जागेला दुसरं काहीतरी भेटेपर्यंत, म्हणजे पाण्याचा थेंब, धातूचा कीस, शेजारची सोललेली वायर किंवा ब्रॅकेटची कड, सगळं ठीकच वाटतं. सर्किट ब्रेकरवर विसंबू नका. साधा थर्मल ब्रेकर जादा करंटने तापतो तेव्हा उडतो. आर्क काही मिलिसेकंद होतो, थांबतो, पुन्हा होतो. तेवढ्यात ब्रेकर तापतही नाही, आणि ठिणगीच्या जागी मात्र हजारो अंश तापमान झालेलं असतं.

पायरी १: कोणती वायर आहे ते ओळखा

वेगवेगळ्या काळातल्या वायरी वेगवेगळ्या पद्धतीने खराब होतात, म्हणून टॉर्च लावण्याआधी वायरिंग मॅन्युअलमधून वायरचा प्रकार काढा. एकाच विमानात तीन-चार प्रकार सापडतील, कारण मधल्या काळात मॉडिफिकेशनं झालेली असतात.

पीव्हीसी आणि नायलॉनची वायर खूप जुन्या जेट विमानांत आणि १९६०-७० च्या दशकांतल्या लहान विमानांत भेटते. पीव्हीसीतलं मऊपणा देणारं द्रव्य वर्षानुवर्षं उडून जातं, मग ते कडक होतं, पिवळं-तपकिरी पडतं आणि वाकवलं की तडकतं. पेटलं तर धूर भयंकर.

पॉली-एक्स ही १९७० च्या सुमारास आलेली पातळ, हलकी वायर. टीडब्ल्यूए ८०० मध्ये बहुतांश हीच होती. हिला वायरभोवती बांगडीसारखी गोल चीर पडते, आणि वायर सरळ असताना ती चीर मिटलेली राहते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बघितल्याशिवाय दिसत नाही.

कॅप्टन (Kapton) म्हणजे पॉलिइमाइड. ही मधाच्या रंगाची, ताठ वायर तुम्हाला सगळ्यात जास्त भेटेल. वजनाला हलकी, २०० अंश सेल्सियसपर्यंत टिकणारी, सहज न पेटणारी. म्हणून १९७० पासून पुढे हिचा भरपूर वापर झाला. पण तिचे दोन दोष आहेत. दमट हवेत, विशेषतः उष्णता आणि ताण सोबत असतील तर, पॉलिइमाइडची साखळी पाण्याने तुटत जाते आणि फिल्म ठिसूळ होते. मुंबईच्या किंवा कोचीच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या विमानाच्या बाबतीत हे डोक्यात ठेवाच. दुसरा दोष जास्त गंभीर: आर्क झाला की पॉलिइमाइडचा कोळसा होतो आणि तो कोळसाच वीज वाहून नेतो. मग आर्क वायरवरून पुढे सरकत जातो आणि शेजारच्या वायरींनाही घेतो. याला आर्क ट्रॅकिंग म्हणतात. एका वायरीची छोटीशी चीर अख्खं बंडल कसं जाळू शकते, त्याचं उत्तर इथे आहे.

कॅप्टनवर एक पातळ लेप असतो, त्यावर वायर नंबर छापलेला असतो. जुन्या वायरीवरून हा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. नवीन माणूस ते बघून घाबरतो आणि पानभर रिपोर्ट लिहितो. लेप सुटणं म्हणजे इन्सुलेशन फाटणं नव्हे. लेपाखाली फिल्म सलग आणि एकसारख्या रंगाची आहे का, ते भिंगातून बघा आणि मगच ठरवा.

नंतरच्या विमानांत ईटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक) किंवा टेफ्लॉन-कॅप्टन-टेफ्लॉनची थरांची वायर मिळते. ती आर्क ट्रॅकिंगला खूपच चांगली तोंड देते. पण क्लॅम्पवर घासली तर तीही सोलतेच.

पायरी २: वीज काढा आणि खूण लावा

कार्डावर सांगितलेले ब्रेकर ओढा, कॉलर (ब्रेकर परत दाबला जाऊ नये म्हणून अडकवायची कडी) आणि टॅग लावा, बॅटरी आणि ग्राउंड पॉवर काढली असल्याची स्वतः खात्री करा. दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर हात घालू नका. ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ हा झटका जीव घेऊ शकतो. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा.

एखादा ब्रेकर आधीच उडालेला सापडला तर तो दाबून बघू नका. तो का उडाला हीच तुमच्या तपासणीची पहिली माहिती आहे, आणि पुन्हा दाबणं म्हणजे आधीच जळलेल्या जागेला आणखी वीज देणं.

पायरी ३: हात लावण्याआधी बघा, मग साफ करा

पॅनेल उघडल्यावर पहिली काही मिनिटं हात खिशात. धूळ कशी साचली आहे, कुठे ओघळ आहे, कुठे काजळी आहे, हे एकदा पुसलं की कायमचं गेलं. गॅलीखाली (विमानातल्या स्वयंपाकघराखाली) तपकिरी चिकट ओघळ म्हणजे चहा-कॉफी. टॉयलेटजवळ निळसर डाग म्हणजे टॉयलेटचं रसायन. व्हील वेलमध्ये (चाकं मिटतात त्या पोकळीत) जांभळट तेलकटपणा असेल तर हायड्रॉलिक तेल, आणि ते बऱ्याच प्लॅस्टिकना खातं. ओघळ कुठून सुरू होतो ते शोधा. वायर बदलली आणि गळती तशीच राहिली तर पुढच्या चेकला पुन्हा हेच.

पाणी किती दूर जाऊ शकतं याचं एक उदाहरण. जानेवारी २००८ मध्ये क्वांटासच्या एका ७४७-४०० ची बँकॉकला उतरताना चारपैकी तीन जनरेटरांची वीज गेली. कारण होतं वरच्या गॅलीच्या निचऱ्याचं पाणी, जे खालच्या इलेक्ट्रिकल कपाटांत उतरलं होतं. दोष एका डेकवर, परिणाम दुसऱ्या.

मग सफाई. मऊ ब्रश आणि प्लॅस्टिकच्या तोंडाचा व्हॅक्यूम वापरा. कॉम्प्रेस्ड एअरचा झोत मारू नका, कारण त्याने धातूचा कीस बंडलच्या आत जाऊन बसतो आणि मग तो निघत नाही. ड्रिलिंगचा कीस ही या कामातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. स्ट्रक्चरवाले शेजारी रिव्हेट काढत असतील तर त्यांनी बंडल झाकलंय का, ते बघा आणि नसेल तर काम थांबवायला सांगा. नवीन आहात म्हणून संकोच करू नका. वायरींच्या मधे अडकलेली ॲल्युमिनियमची एक कुरळी चकती दर उड्डाणाला थरथरते आणि थोडी थोडी आत शिरते.

पायरी ४: वेळ कुठे घालवायचा

सगळीकडे सारखा वेळ देऊ नका. केबिनच्या छतावरचं, कोरड्या जागेतलं, सरळ जाणारं बंडल वीस वर्षांनीही चांगलं सापडतं. वेळ द्यायचा तो व्हील वेल, लँडिंग गिअरचे पाय, पंखाची पुढची आणि मागची कड यांना. तिथे वारा, पाणी, खडी सगळं लागतं. मग इंजिनचे पायलॉन (इंजिन पंखाला धरणारे खांब) आणि एपीयूची (वीज पुरवणाऱ्या छोट्या जादा इंजिनाची) जागा, उष्णतेमुळे. गॅली आणि टॉयलेटच्या खालची फरशी. कार्गोची भिंत, जिथे सामान आदळतं. दारांची बिजागरं, जिथे वायर दर वेळी वाकते. आणि जिथे माणसांची ये-जा जास्त ती जागा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स बे. तिथे वायरींवर पाय पडतात, हात टेकले जातात, बंडल धरून लोक वर चढतात.

पायरी ५: वायर नको, तिचा शेजार बघा

या लेखातून एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही राहू द्या. लांबच्या लांब वायरीवर नजर फिरवून काही सापडत नाही. वायर जिथे दुसऱ्या कशाला टेकते, वळते, आत शिरते किंवा बाहेर पडते, तिथेच ती खराब होते. म्हणून नजर एका क्लॅम्पवरून पुढच्या क्लॅम्पवर न्या.

२३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया शटलच्या एसटीएस-९३ उड्डाणात, जमीन सोडल्यावर पाचच सेकंदांत शॉर्ट झाला आणि दोन मुख्य इंजिनांचा एकेक कंट्रोलर बंद पडला. जोडीच्या कंट्रोलरांवर इंजिनं चालत राहिली म्हणून यान वर गेलं. नंतर सापडलं ते असं: एक कॅप्टन वायर एका स्क्रूच्या डोक्याला टेकून होती आणि त्या डोक्याला बारीक बर (धातूची उठलेली धारदार कड) होती. सगळ्या शटल ताफ्याची वायरिंग तपासेपर्यंत उड्डाणं थांबवावी लागली. त्या वायरीचा बाकीचा भाग कितीही वेळ निरखला असता तरी हे कळलं नसतं. स्क्रू बघायला हवा होता.

आता एका क्लॅम्पपाशी थांबून कसं बघायचं ते. गादीचा पी-क्लॅम्प घ्या. आधी त्याची रबरी गादी: कडक झाली आहे का, फाटून एका बाजूला सरकली आहे का, धातूचा पट्टा उघडा पडला आहे का. मग क्लॅम्पच्या दोन पाकळ्या जिथे मिटतात तिथे बघा. बसवताना एखादी वायर त्यांच्यात चिमटली जाते आणि बाहेरून फक्त तिची कड दिसते. मग क्लॅम्पच्या दोन्ही तोंडांशी, जिथून वायर बाहेर पडते, टॉर्च आडवा धरून बघा. समोरून मारलेल्या उजेडात चीर दिसत नाही. आडव्या उजेडात तिची सावली पडते. तिथे चकचकीत झालेला पट्टा दिसला तर घासणं सुरू झालंय, इन्सुलेशन अजून आहे. रंग बदलून आतला थर दिसला तर अर्धं काम झालंय. तांब्याची किंवा चंदेरी मुलाम्याची चमक दिसली तर तिथेच थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. शेवटी आरसा मागे धरून वायरची न दिसणारी बाजू. बहुतेक वेळा घासलेली बाजू तीच असते, कारण ब्रॅकेट तिकडे असतं.

हेच डोळे मग बाकीच्या जागी फिरवा. भोकातून जाणारी वायर कडेपासून पाव इंचापेक्षा जवळ असेल तर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं अस्तर) हवा. असलेला ग्रोमेट उठला आहे का? प्लॅस्टिकच्या टायचं तिरकं कापलेलं टोक शेजारच्या वायरीत घुसतंय का? लॉकवायर, कॉटर पिन, स्क्रूचं मागे निघालेलं टोक, यांतलं काही बंडलला टेकलंय का? वळण त्यातल्या सर्वात जाड वायरीच्या व्यासाच्या दहापटीपेक्षा तंग आहे का? जुन्या वायरींवर नंबर गरम ठशाने उमटवलेला असतो. ठसा जास्त दाबला गेला असेल तर चीर बरोबर आकड्यातून जाते, म्हणून आकडे भिंगाखाली वाचा.

इंधन, ऑक्सिजन किंवा हायड्रॉलिकच्या नळीजवळून वायर जात असेल तर ती नळीच्या वरून आणि जमेल तितक्या लांबून जायला हवी. एखादा क्लॅम्प तुटला तर वायर नळीवर पडेल का, असा विचार करून बघा. उत्तर हो असेल तर ते लिहा, भले आज सगळं ठीक असेल.

पायरी ६: आता हात, पण हळू

दोन क्लॅम्पमधलं अंतर साधारणपणे २४ इंचांपेक्षा जास्त नसतं, आणि बोटाने दाबल्यावर बंडल अर्धा इंचापर्यंतच हलावं. त्याहून जास्त लोंबत असेल तर ते कुठेतरी घासत असणारच, ती जागा शोधा.

जुनं बंडल उलगडून आत बघायची इच्छा होते. कार्डाने सांगितल्याशिवाय करू नका. वीस-पंचवीस वर्षं एका आकारात राहिलेली ठिसूळ वायर वाकवली की जी चीर नव्हती ती पडते, आणि ती तुम्ही गेल्यावर बोलते. टाय कापावेच लागले तर बोथट टोकाची कात्री वापरा.

पायरी ७: मीटर काय सांगतो, काय नाही

नवीन मुलं मल्टिमीटर काढतात, कंटिन्युइटी घेतात, बीप येतो आणि वायर पास करतात. बीप म्हणजे तांबं सलग आहे, एवढंच. इन्सुलेशनबद्दल त्याने एक शब्दही सांगितलेला नाही.

मेगर थोडं पुढे जातो. ५०० व्होल्ट डीसी देऊन वायर आणि स्ट्रक्चर, किंवा वायर आणि वायर, यांच्यातला रोध मोजतो. ओल शिरलेली असेल, कोळसा झाला असेल किंवा तांबं धातूला जवळजवळ टेकलं असेल तर रीडिंग पडतं. पण उघडी जागा कोरड्या हवेत नुसती लोंबत असेल तर मेगरही चांगलंच रीडिंग देतो, कारण हवा उत्तम इन्सुलेटर आहे. कोरड्या हँगरमध्ये पास झालेली वायर पावसात नापास होते ती यामुळेच. मेगर लावण्याआधी दोन्ही टोकांची उपकरणं काढलेली असलीच पाहिजेत, नाहीतर ५०० व्होल्ट एखाद्या महागड्या बॉक्समध्ये जातील. आणि इंधन टाकीत जाणाऱ्या वायरींना मॅन्युअलमध्ये स्पष्ट सांगितल्याशिवाय मेगर लावायचाच नाही.

टीडीआर नावाचं उपकरण वायरीत पल्स सोडतं आणि तिच्या प्रतिध्वनीवरून दोष किती अंतरावर आहे ते सांगतं. तुटलेली किंवा पूर्ण शॉर्ट झालेली वायर शोधायला ते फार उपयोगी आहे. नुसतं घासलेलं इन्सुलेशन मात्र इतका क्षीण प्रतिध्वनी देतं की तो गोंगाटात हरवतो. एकंदरीत, मीटरने दोष पक्का करा, जागा नेमकी करा. दोष शोधायला आरसा आणि टॉर्च.

कधी येतो, कधी जातो असा स्नॅग असेल तर एक युक्ती चालते: मीटर जोडलेला ठेवून दुसऱ्याला एकेक क्लॅम्पपाशी बंडल हलकेच हलवायला सांगा आणि रीडिंग कुठे उडी मारतं ते बघा. हलकेच, म्हणजे विमान थरथरतं तितकंच.

पायरी ८: लिहा, आणि कारणासकट लिहा

“वायर खराब आढळली” या ओळीचा कोणाला उपयोग नाही. झोन, स्टेशन (विमानाच्या लांबीवरची मोजलेली जागा), वायर नंबर, जवळचा क्लॅम्प किंवा कनेक्टर, नुकसानाची लांबी, तांबं दिसतंय की नाही, काळेपणा आहे की नाही, आणि कशाला टेकून हे झालं, हे सगळं लिहा. कंपनीची परवानगी असेल तर फोटो जोडा, मापाची पट्टी शेजारी ठेवून. टेप, स्लीव्ह, स्प्लाइस की नवी वायर, हे मॅन्युअल ठरवतं. टेप गुंडाळला आणि ब्रॅकेटची कड तशीच ठेवली, ही दुरुस्ती नव्हे. आधी कारण हटवा.

जळलेली किंवा आर्कच्या खुणा असलेली वायर सापडली तर तिच्या बंडलमधली प्रत्येक शेजारीण दोन्ही दिशांना पुढच्या क्लॅम्पपर्यंत तपासा, आणि हा दोष डीजीसीएला (भारताच्या हवाई वाहतूक नियामकाला) कळवण्याजोगा आहे का ते क्वालिटी विभागाकडून त्याच दिवशी विचारून घ्या.

ताफ्यात त्याच मॉडेलची आणखी विमानं असतील तर तीच जागा त्यांच्यातही बघायला सुचवा. मे १९९८ मध्ये जुन्या बोइंग ७३७ च्या पंखातल्या टाकीतून जाणाऱ्या इंधन पंपाच्या वायरी त्यांच्या नळीच्या आत घासलेल्या सापडल्या. एफएएने ५०,००० तासांहून जास्त उडालेली विमानं पुढच्या उड्डाणाआधीच तपासायला लावली, आणि तेव्हा इतर विमानांतही सोललेल्या वायरी निघाल्या.